लेक लातूरला निघालीय. दोन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर पुरेल का?

केज तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. लेकीची दहावी झालीय, आता नीटच्या तयारीला ती लातूरला खोली करून राहणार आहे. घर शेतातल्या वस्तीवर. बायको पहाटे डांबरी रस्त्यानं चालायला जाते. ते स्वतः सोयाबीन घेऊन मोंढ्यावर गेले की येताना कधीकधी खिशात रोकड असते. "शाळेत दोन दिवसांचं स्वसंरक्षणाचं शिबिर आहे. तेवढं पुरेल का, की कराटेचा क्लास लावू? आणि आम्ही घरच्यांनी काय शिकावं?"

भाऊ, शिबिराला जरूर पाठवा. कराटेची आवड असेल तर तेही लावा, अंगात बळ येतं, चालण्यात ताठपणा येतो. मी परभणीची. कबड्डी खेळत वाढले, पुढं शारीरिक शिक्षणाची शिक्षिका झाले, आणि एकोणीस वर्षं झाली, शाळेतल्या मुलींना, बचत गटातल्या बायांना, दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांतल्या जोडप्यांना हेच शिकवतेय. एवढ्या वर्षांत ज्यांच्यावर प्रसंग आला अशी किती तरी माणसं भेटली. हात-पाय चालवता येत नव्हते म्हणून फसले, असं सांगणारे त्यात थोडे. बहुतेकांना आधी चाहूल लागली होती. तरी ते तिथंच उभे राहिले, कारण तोंडावर "नाही" म्हणणं, पाठ फिरवून निघून जाणं, दार न उघडणं बरं दिसत नाही. दोष करणाऱ्याचाच, त्यात शंका नाही. पण आपल्या या भिडेवर तो जगतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि आपल्याला नसतं.

माझ्या आईच्या पाटल्या अशाच गेल्या. सकाळचे साडेनऊ, देवळातून परतताना, भरवस्तीत. मोटारसायकलवर दोघे, केस बारीक कापलेले, पायात तांबडे बूट. "आजी, पुढच्या गल्लीत रात्री खून झालाय. साहेबांनी चेकिंग लावलंय. एवढं सोनं घालून कशाला फिरता?" तेवढ्यात एक वाटसरू आला. त्यालाही त्यांनी दटावलं, त्यानं मुकाट्यानं गळ्यातली साखळी काढून कागदात बांधून घेतली. तोही त्यांच्यातलाच. मग आईनं पाटल्या काढल्या. पुडी त्यांनीच बांधली आणि "घरी जाऊनच सोडा" म्हणून बजावलं. घरी देवघरापुढं बसून तिनं पुडी सोडली, तर आत खडीचे दोन तुकडे. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला एकदा वाटलं होतं गं, हे पोलीस दिसत नाहीत. पण पोलिसाला नाही कसं म्हणायचं?"

हे "वाटलं होतं" त्यानंतर मी किती जणांच्या तोंडून ऐकलं, मोजदाद नाही. मनाला वाटणं आणि पाऊल उचलणं, या दोहोंतला वेळ कमी करायचा, हे प्रशिक्षणाचं पहिलं काम. त्यासाठी वाक्यं आधीच पाठ असावी लागतात, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. तोतया पोलिसासाठी वाक्य असं: "पोलीस ठाण्यात चला, तिथं काढते." खरा पोलीस रस्त्यात कुणाचे दागिने उतरवून पुडी बांधून देत नाही. लिफ्ट देणाऱ्यासाठी: "नको, माझी माणसं येतायत." पत्ता विचारत गाडी अगदी जवळ आणणाऱ्यासाठी: "मला माहीत नाही," आणि हे बोलताना पाय थांबलेले नकोत. ही वाक्यं तुमच्या बायकोनं, लेकीनं आणि तुम्ही स्वतःही मोठ्यानं म्हणून पाहा. मनात म्हटलेलं तोंडातून निघत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे.

माझ्या म्हणण्याला बळ देणारा एक मोठा अभ्यास आहे. कॅनडात चार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठात नव्यानं आलेल्या ८९३ मुलींना दोन गटांत वाटलं. एका गटाला १२ तासांचं प्रशिक्षण, दुसऱ्याला नुसती माहितीपत्रकं. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचं प्रमाण पत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के आणि प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के निघालं. जवळपास निम्मं. त्या १२ तासांचे चार भाग होते आणि अंगावर आलेल्याला अंगानं उत्तर देण्याचा सराव त्यातल्या एकाच भागात होता. बाकी वेळ गेला तो ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच ओळखण्यात, त्याला थेट बोलताना मनात जी आडकाठी येते ती दूर करण्यात, आणि आपल्याला काय हवं, काय नको हे आधी स्वतःशी स्पष्ट करण्यात. तुमच्या शाळेतलं शिबिर यातलं काही शिकवतं का, ते आयोजकांना विचारा. दोन दिवस नुसत्या लाथा-बुक्क्या आणि शेवटी कौलं फोडून फोटो, असा बेत असेल तर मुलगी खूश होऊन येईल, तयार होऊन येणार नाही.

माझ्या शिबिरात पहिल्या तासाला मुली समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात. एक रांग चालत येते, दुसरीनं दोन्ही तळवे छातीपुढं धरून "थांब, मागं सर" म्हणायचं. एका जिल्हा परिषदेच्या शाळेत नववीतली एक काटक मुलगी होती. समोरची पार अंगावर आली तरी हिला हसूच येत होतं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. दुसऱ्या खेपेला "थांब" म्हणाली आणि लगेच "सॉरी" म्हणाली. मी विचारलं, "घरी जोंधळा पेरता का?" "हो." "पाखरं कोण राखतं?" "मीच." "मग हाकल बरं. समज, कणसांवर थवा उतरलाय." तिनं एकदा मैत्रिणीकडं पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. पोटातून निघालेला आवाज होता तो. मग मी म्हटलं, आता याच आवाजात "मागं सर" म्हण. समोरची मुलगी खरोखर दोन पावलं मागं गेली, आणि हिचे डोळे भरून आले. त्या तासाला मी दुसरं काही शिकवलं नाही. गरजच नव्हती.

ओरडायचं काय, हेही ठरलेलं हवं. बाईमाणसाला कुणी ओढत असेल तर बघणाऱ्यांना वाटतं घरचं भांडण आहे, आणि ओढणारा तसंच सांगतो: "घरचा मामला आहे, तुम्ही पडू नका." म्हणून पहिलं वाक्य: "मी याला ओळखत नाही!" दुसरं, गर्दीतल्या एकाच माणसाकडं बोट करून: "ओ निळ्या शर्टवाले दादा, ११२ ला फोन लावा!" (११२ हा पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा क्रमांक.) सगळ्यांना मिळून हाक मारली तर प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघतो. एकाला नेमकं पकडलं की तो हलतो, आणि तो हलला की बाकीचे हलतात.

आता अंतर. कबड्डी खेळलेल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. चढाईवर गेलेली खेळाडू समोरच्याच्या चेहऱ्याकडं कमी आणि त्याच्या पायांकडं, खांद्यांकडं जास्त बघते, आणि मध्यरेषा आपल्या मागं किती अंतरावर आहे हे तिला न वळता ठाऊक असतं. रस्त्यावरही तेच. अनोळखी माणसाशी बोलताना त्याचा हात आपल्यापर्यंत पोचणार नाही एवढं अंतर कायम राखायचं. तो एक पाऊल पुढं आला तर आपण एक मागं, तेही सरळ मागं जाण्याऐवजी तिरकं. दुसऱ्यांदा पुढं आला तर तळवे वर आणि आवाज. अमेरिकेत डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकानं १९८३ साली एक साधी मोजणी मांडली: चाकू हातात असलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. २१ फूट म्हणजे एका बऱ्या खोलीच्या लांबीपेक्षा जास्त. दीड सेकंदात आपण "काय झालं" एवढंच म्हणू शकतो. तेव्हा माणूस जवळ आल्यावर कुठला डाव टाकायचा, हा विचारच उशिराचा असतो.

चालण्याचंही तसंच. बेटी ग्रेसन आणि मॉरिस स्टाइन या दोघांनी १९८१ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालणाऱ्या लोकांचं चित्रीकरण तुरुंगातल्या, हल्ल्याच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना दाखवलं आणि कोण सोपं सावज वाटतं ते विचारलं. काही सेकंद बघून ते सांगत होते, आणि त्यांचं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळत होतं. ते बघत होते ती चाल: पाऊल ओढत पडतंय का, हात-पाय एका लयीत आहेत का. मुलीला सांगा, क्लास सुटल्यावर फोन पिशवीत, मान वर, पाऊल ठाम. कानात दोन्हीकडं हेडफोन घालून रात्री साडेनऊला खोलीवर जाणं बंद.

चाकू दाखवून कुणी फोन, पैसे, सोनं मागितलं तर द्यायचं. याबाबत मी कुणाचंच ऐकत नाही. चाकू हिसकावून घेण्याचे डाव शिकवणारी शिबिरं बघितली की माझ्या अंगावर काटा येतो, कारण तिथला चाकू रबरी असतो आणि चाकूवाला आधी सांगून वार करतो. वस्तू हातात नेऊन द्यायची नाही, एका बाजूला लांब फेकायची आणि दुसऱ्या बाजूला पळायचं. एकच गोष्ट द्यायची नाही, ती म्हणजे जागा बदलायला होकार. "गाडीत बस", "त्या बोळात चल", "ओरडू नकोस, तिकडं जाऊन बोलू" असं कुणी म्हणालं की हिशेब बदलला. त्याला माणसांपासून दूर न्यायचंय, आणि दुसऱ्या जागी आपल्या हातात याहून कमीच उरणार आहे. तिथं मात्र लोळण घ्या, चावा, किंचाळा, दुकानाच्या पाट्या पाडा, जे जमेल ते करा.

डावांपैकी दोन-तीनच पुरतात, पण ते शंभरदा झालेले हवेत. मनगट धरलं तर पकडीचा कच्चा भाग अंगठा आणि बोटांच्या मधली फट. हात त्या फटीच्या दिशेनं वळवून, कोपर अंगाजवळ आणत एकदम ओढायचा आणि सुटल्या पावली पळायचं. जवळून घट्ट धरलं तर कोपरानं तोंडावर, टाचेनं पायाच्या पंजावर, गुडघ्यानं जांघेत. तिखटाचा स्प्रे घेतला तर पिशवीच्या तळाशी नको, हातात हवा, आणि वाऱ्याची दिशा बघून. त्याची तारीख उलटून गेलीय का तेही बघत जा.

याच जागी एक गोष्ट मुलीला आणि तुम्हालाही सांगून ठेवायची आहे. सगळं शिकूनही ऐन वेळी अंग दगडासारखं होऊ शकतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचाराला आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींचं अंग त्या वेळी बऱ्याच प्रमाणात लुळं, थिजल्यासारखं झालं होतं. हा देहाचा धर्म आहे, संमती नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. मी स्वतः विशीत, राज्य पातळीवर खेळत असताना, एका रात्रीच्या एसटीत मागच्या सीटवरून आलेला हात अर्धा तास सहन केलाय. चढाईला पाच जणींच्या तावडीतून सुटणारी मी, तोंडातून शब्द निघाला नाही. पुढं कितीतरी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण "तू खेळाडू ना?" हा प्रश्न येईल याची धास्ती होती. म्हणून मी शिबिरात अंग थिजलं तर काय, हेही शिकवते: आधी एक बोट हलवायचं, मग श्वास सोडायचा, मग एक शब्द, कुठलाही. तेही नाही जमलं तर नंतर सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं ऐकून घ्यायचं.

लातूरच्या बाबतीत तुमच्या मनात अंधारी गल्ली आणि अनोळखी टोळकं असणार. पोलिसांकडं नोंद होणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण शंभरात नव्वदच्या वर असतं. म्हणजे मेसवाला, घरमालकाचा भाचा, नोट्स देणारा "दादा", क्लासमधला कुणी, किंवा गावाकडून "लक्ष ठेवायला" सांगितलेला नातेवाईक. या माणसाची सुरुवात उपकारानं होते. मग गुपित येतं: "हे घरी सांगू नकोस, उगीच काळजी करतील." मग एखादी छोटी मर्यादा ओलांडून बघणं, खांद्यावर हात, रात्री अकराचा मेसेज, आणि ती काही बोलत नाही ना, हे तपासणं. तुमच्या लेकीला मी एवढंच सांगेन, की "घरी सांगू नकोस" असं जो म्हणेल त्याचं त्याच दिवशी घरी सांगायचं. उपकाराची परतफेड "थँक्यू" म्हणून होते, त्यापुढं ती कुणाचं देणं लागत नाही. आणि तुम्हाला हे सांगते, की तिला खोलीवर सोडताना "दादाचं ऐकत जा" असं कुणाच्याही नावानं बजावून येऊ नका. ते वाक्य पुढं तिच्या तोंडाला कुलूप घालतं.

ती अठराच्या आत आहे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो हा २०१२ चा कायदा तिच्या पाठीशी आहे. त्यात मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, १८१ महिलांसाठीचा. मागं मागं फिरणं, नको म्हटल्यावरही संपर्क साधत राहणं, ऑनलाइन पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तुमच्या मंडळींच्या पहाटेच्या चालण्याविषयी. गळ्यातलं हिसकावणारे बहुतेक मागून मोटारसायकलवर येतात. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालायचं. तीन-चार जणी सोबत, आणि उजाडल्यावर. मंगळसूत्र पदराखाली पिनेनं अडकवून ठेवा, किंवा चालायला जाताना काळ्या मण्यांची साधी पोत घाला. हात पडलाच तर धरून ठेवू नका. साखळी तुटत नाही आणि बाई फरपटत जाते, मानेला, डोक्याला मार बसतो. सोनं परत घेता येतं. आता हिसकावून नेण्याला न्याय संहितेत कलम ३०४ असं स्वतंत्र कलम आहे, तेव्हा "किरकोळ चोरी" म्हणून कुणी टोलवू लागलं तर हे कलम सांगा.

मोंढ्याचं मी थोडक्यात सांगते. आडत्याकडून पट्टीचे पैसे शक्यतो खात्यात घ्या. रोख घ्यावीच लागली तर दुकानातच मोजून अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा, मोटारसायकलच्या डिक्कीत कधीच नको. "मामा, तुमच्या पाठीवर घाण पडलीय", "ओ काका, नोटा पडल्या तुमच्या" असं कुणी म्हटलं तर खाली वाकू नका, मागं वळू नका, आधी हात खिशावर. आणि चहाच्या टपरीवर आजचा भाव, आजची रक्कम मोठ्यानं सांगायची आपल्याकडची सवय मोडा. रात्री रस्त्यात कुणी अडचणीत दिसलं तर माणुसकी सोडा असं मी म्हणणार नाही. गाडी न थांबवता पुढच्या ढाब्यावर, पेट्रोल पंपावर जाऊन ११२ ला कळवणं, हीही मदतच आहे.

वस्तीवर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथं आरोळी ऐकायला शेजार नसतो. दिवा घराबाहेर हवा, आणि आत अंधार, म्हणजे बाहेरचा दिसतो आणि तुम्ही दिसत नाही. रात्री कुणी "पेट्रोल संपलंय", "पाणी द्या", "लेकरू आजारी आहे" म्हणत आलं तर दार न उघडता खिडकीतूनच बोला आणि तिथूनच फोन लावून द्या. फोनमध्ये ११२ सोबत पोलीस पाटलांचा आणि शेजारच्या तीन वस्त्यांचा नंबर सगळ्यात वर ठेवा. काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर सगळ्या गावाच्या मोबाइलवर एकाच वेळी कॉल जातो. आपल्या गावात ती आहे का, नसेल तर आणता येईल का, हे ठाण्यात जाऊन विचारा. ११२ ला बोलताना पहिलं वाक्य ठिकाणाचं हवं: तालुका, गाव, कुठल्या रस्त्यानं, जवळचा डीपी किंवा महामार्ग असेल तर किलोमीटरचा दगड. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघते. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो, म्हणून रेंज नाही म्हणून प्रयत्न सोडू नका. आणि चोर आत शिरलेच, तर लेकरं एका जागी घ्या, सांगतील ते द्या, पाठलाग करू नका. घरात सोनं न ठेवणं हा त्यावरचा खरा उपाय, बँकेत लॉकर घ्या.

इथं मला थांबून एक सांगायचंय, कारण ते न सांगता हे सगळं शिकवणं धोक्याचं आहे. भीती पेरली की ती कुणावर तरी उगवते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेनं त्यांचा जीव घेतला. मराठवाड्यात पारधी, भटके समाज अजूनही पालावरून हुसकावले जातात, कारण इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मनातून गेलेला नाही. माझ्या शिबिरात मी मुलींकडून घोकून घेते: वेश बघायचा नाही, भाषा बघायची नाही, वागणं बघायचं. अंतर तोडतोय का, "नाही" ऐकतोय का, एकटं पाडतोय का. माझ्या आईला लुटणारे चांगले इस्त्रीच्या कपड्यांत होते.

कायदा मारायला परवानगी देतो का, हे लोक हळूच विचारतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. आपल्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचा बचाव करता येतो, पण गरजेपुरताच. मृत्यूची किंवा गंभीर इजेची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडचा हल्ला असे प्रसंग कलम ३८ मध्ये दिलेत, तिथं हल्लेखोराचा जीव गेला तरी हा हक्क शाबूत राहतो. मात्र तो पळू लागला की धोका संपला आणि हक्कही संपला. पडलेल्याला दहा जणांनी मिळून तुडवणं म्हणजे बचाव नव्हे, तो आपल्या हातून झालेला गुन्हा. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. तक्रार, तपास, खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर सरकारी असो की खासगी, रुग्णालयानं लगेच आणि फुकट उपचार करायचे असतात, ते याच संहितेचं कलम ३९७. अंघोळ, कपडे धुणं त्याआधी करू नये, कितीही किळस वाटली तरी.

आता तुमच्या हातात जे दिवस आहेत त्यांत काय करायचं ते सांगते. एका रविवारी लेकीला घेऊन लातूरला जा आणि खोली ते क्लास ते मेस हा रस्ता तिच्यासोबत दोनदा चाला, एकदा दुपारी आणि एकदा क्लास सुटण्याच्या वेळी. पुढं तिला चालू द्या, तुम्ही मागं. वाटेत रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी तीन ठिकाणं तिनंच निवडायची: औषधाचं दुकान, दवाखाना, जे असेल ते. आत जाऊन "मी इथं राहायला आलेय" म्हणून ओळख करून द्यायची. खोलीच्या दाराला आतून कडी आणि अडसर दोन्ही आहेत का, ते हातानं लावून बघा. नसेल तर मालकाला सांगून त्याच दिवशी सुतार बोलवा. तिच्या फोनची बाजूची कळ पटापट दाबून ११२ लागण्याची सोय सेटिंगमध्ये चालू करा. काही फोनमध्ये तीनदा दाबावी लागते, काहींत पाचदा, ते तिच्या फोनवर बघून घ्या.

आणि एक वाक्य ठरवा. तुमच्या घरापुरतं, कुणालाही साधं वाटेल असं. आमच्या घरात "तुळशीला पाणी घातलं का?" हे होतं. तिनं फोनवर ते विचारलं की तिला मोकळं बोलता येत नाहीये, एवढं समजायचं. मग तुम्ही फक्त हो-नाहीत उत्तरं येतील असे प्रश्न विचारायचे: खोलीवर आहेस? कुणी सोबत आहे? पोलीस पाठवू? तू तिथं कशाला गेलीस, कुणासोबत गेलीस, हे त्या फोनवर नाही आणि ती घरी आल्यावर पहिल्या दिवशीही नाही. हा सराव आज रात्री जेवणं झाल्यावर करून बघा: तिनं दुसऱ्या खोलीत जाऊन फोन लावायचा, तुम्ही उचलायचा. पहिल्या खेपेला तुमच्या तोंडून "काय झालं?" हेच निघेल. पुन्हा लावायला सांगा.